मामांचा पडीक माळ

आमच्या मामांइतकं जमिनीतलं कळणारा माणूस शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत दुसरा झाला नाही, असं स्वतः मामांचं मत होतं. बारामतीबद्दल ते खात्रीनं बोलत नसत, कारण तिकडं त्यांचं फारसं जाणं-येणं नव्हतं. पण तिकडंही कुणी असेल असं त्यांना वाटायचं नाही. कुठंही गेले की पहिलं काम म्हणजे खाली वाकून ढेकूळ उचलायचं. ते फोडायचं, बोटांत चुरायचं, नाकाला लावायचं, आणि मग ज्याचं रान असेल त्याच्याकडं असं बघायचं की त्या बिचाऱ्याला घरातलं काहीतरी उघडं पडल्यासारखं वाटावं. लग्नाला जावं, तर मांडवाच्या कडेला हे उकिडवे बसून माती बघतायत. मयताला जावं, तर परतताना बांधावर थांबून, "मानूस चांगला गेला, पन रान लई हलकं ठिवून गेला," असा शेरा. एकदा माझ्या साडूनं पाबळला नवं घर बांधलं. वास्तुशांतीला मामांना नेण्याचा गाढवपणा मी केला. भर पंगतीत त्यांनी जाहीर केलं की आपण जिथं जेवायला बसलोय तिथं कांदा असा आला असता की बघत राहावं, आणि या येड्यानं तिथं फरशी घातली. साडू त्यानंतर वर्षभर माझ्याशी हूं-हूं करूनच बोलत होता.

शिरूरला स्टँडाच्या पलीकडं माझं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. मामा तालुक्याला आले की कामं राहायची बाजूला आणि स्वारी माझ्या दुकानात, युरियाच्या पोत्यांच्या थप्पीवर. गिऱ्हाईक आलं की मी तोंड उघडायच्या आत मामा विचारायचे, "गाव कंचं? रान कुठल्या अंगाला?" तो सांगायचा. मग मामा डोळे मिटून त्याच्या रानात जाऊन आल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, "तिथं खाली चुनखड हाय. खत टाकू नगंस, त्या पैशात बायकोला लुगडं घे." गिऱ्हाईक खूश होऊन रिकाम्या हातानं परत. पुढच्या वर्षी तोच माणूस दोन शेजारी घेऊन यायचा, आणि तिघंही मला ओलांडून थेट पोत्यांकडं जायचे. "मामा, बसताय ते पोतं तरी विकू द्या," असं मी एकदा म्हणालो. ते म्हणाले, "त्ये खालनं भिजलंय, कुनाला देऊ नगंस." बघितलं तर खरंच भिजलेलं. हीच तर पंचाईत होती. माणूस नुसता थापाड्या असता तर सोपं गेलं असतं. यांचं दहातलं सहा खरं निघायचं, आणि राहिलेल्या चारांचं त्यांना काही वाटायचं नाही.

घरात मात्र हे ज्ञान इतकं सुखासुखी चालत नसे. मामांचं गाव वडगाव रासाईच्या खालच्या अंगाला, भीमेच्या अलीकडच्या काठावर. नदी ओलांडली की दौंड तालुका. घरात मामा, मामी, बबन आणि दत्ता ही दोन मुलं, आणि पुढं बबनची बायको. मृग जवळ आला की मामा सगळ्यांना ओसरीवर बसवायचे आणि यंदा कुठल्या रानात काय करायचं ते विचारायचे. याला ते "इचार घ्यायचा" म्हणत. सगळ्यांचा विचार घेऊन झाला की मामा खाकरायचे आणि जमिनीचं काय म्हणणं आहे ते सांगायचे. जमिनीचं म्हणणं दरवर्षी मामांच्या म्हणण्याशी तंतोतंत जुळायचं. फक्त मामींच्या मनात काही वेगळं असलं, तर सकाळपर्यंत जमीन आपलं मत बदलायची. विहिरीजवळच्या पट्टीत ज्वारी जाऊन भुईमूग आला तो असाच. मामींची वहिनी एकदा राहायला आली आणि, "तुमच्यात शेंगा इकत आनता व्हय?" एवढंच बोलून गेली. दुसऱ्या दिवशी मामांना त्या पट्टीची माती हातात घेताच भुईमुगाचा वास आला.

गावात बाजरी जाऊन ऊस कसा आला असं कुणाला विचारा, लोक नदीवरची पाइपलाइन सांगतील, कारखाना सांगतील, भाव सांगतील. सगळं बरोबर आहे. पण मामांच्या रानात ऊस आला तो बबनच्या लग्नामुळं. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं आणि मुलीकडचे लोक पहिला प्रश्न उसाचा विचारायला लागले होते. कवठे येमाईचं स्थळ आलं होतं. पाव्हणे एसटीनं येणार, म्हणजे रस्त्यावरून रान दिसणार, एवढा हिशेब करून मामांनी आदल्या वर्षीच रस्त्याच्या कडेकडेनं उसाची एक लांबलचक पट्टी लावून ठेवली होती. लांबी बघाल तर डोळे फिरावेत, रुंदी मात्र बैलगाडी आडवी घातली तर पलीकडं चाक निघेल एवढीच. मागं आपली नेहमीची बाजरी. पाव्हण्यांनी एसटीतूनच ऊस बघितला आणि खूश झाले. पण मुलीचा बाप चहा पिऊन म्हणाला, "चला, जरा आत चक्कर टाकू." मामा शांतपणे म्हणाले, "चला की. सकाळीच आत नाग निघालाय, पन तुमच्या पायात बूट हायत." पाव्हण्यांनी दुसरा चहा मागितला. मामा स्वतः मुलगी बघायला गेले तेव्हा मुलगी बघायचीच विसरले. मुलीच्या बापानं शेजाऱ्याचा बांध कोरलेला नाही एवढं बघून त्यांनी होकार दिला. सून घरात आली, तिसऱ्या दिवशी गवताला म्हणून उसात शिरली आणि चार पावलांत बाजरीत बाहेर पडली. ती तिथं बसून इतकी हसली, इतकी हसली की मामींना वाटलं पोरीला काही चावलं. सुनेच्या त्या हसण्याची मामांना अशी लाज वाटली की पुढच्या वर्षी त्यांनी बाजरीचं अर्धं रान उसाखाली घातलं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी राहिलेलं.

सगळ्या रानात ऊस झाला, एक वरला माळ सोडून. आता त्या माळाचं सांगायला हवं.

मामांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, मेंढरं वळायचे. दिवाळी झाली की कोकणात उतरायचं आणि पावसाच्या आधी परत यायचं, यात जन्म गेला. थकले तेव्हा त्यांनी दोन्ही पोरांना समोर बसवलं आणि वाटणी सांगितली: एकानं मेंढरं घ्यायची, एकानं जमीन घ्यायची. आधी धाकट्यानं निवडायचं. जमीन म्हणजे तेव्हा कुसळं आणि गोटे. पाण्याचं नाव नाही. मेंढरं म्हणजे चालतीबोलती दौलत. धाकट्या मामांनी हसत हसत मेंढरं घेतली आणि थोरल्याच्या पदरात धोंडे आले म्हणून गाव हसलं. मग नदीवरून पाइपलाइन आली, धोंड्यांत ऊस उभा राहिला, आणि जिकडंतिकडं ऊस उभा राहिल्यावर धाकट्या मामांना मेंढरं चारायला जागा उरेना. फसवलं कुणी कुणाला नव्हतं. पण दोघांतला एक फसला होता, हे थोरल्या मामांना कळत होतं आणि ते त्यांना आतून खात होतं. धाकटे मामा अतिशय मानी. एकदा वाटणी झाली म्हणजे झाली. भावाच्या रानातली शेंगसुद्धा ते विचारल्याशिवाय तोडायचे नाहीत. अशा माणसाला "ही घे जमीन" म्हणायची सोय नव्हती. आणि इकडं बबन आणि दत्ता. पोरं वाईट नव्हती, पण हातातली जमीन चुलत्याला देऊन टाका म्हटल्यावर मान डोलावणारीही नव्हती.

तेव्हा मामांनी मनात ठरवलं की तो वरला माळ राखायचा. धाकट्याचे पाय थकतील तेव्हा त्याला टेकायला जागा पाहिजे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मामींना त्यांनी न सांगताच कळलं, आणि मला मामींनी सांगितलं. आणखीही एक गोष्ट मामींना ठाऊक होती. माळाच्या वरल्या कोपऱ्यात, वारुळाच्या पलीकडं, पाणी आहे. सगळा माळ वाळून पिवळा पडला तरी तिथली हरळी शिमग्यापर्यंत हिरवी असायची. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मामांनी नव्या नवरीवर छाप पाडायला म्हणून तिला तिथं नेऊन सांगितलं होतं, "हितं खनलं ना, तर मोट सुटायची न्हाई." पुढं त्यांनी आयुष्यभर ते वाक्य तिला विसरायला सांगितलं.

आता जमीन राखायची म्हणजे काय करायचं? मामांनी तिची बदनामी सुरू केली. दरवर्षी ओसरीवर बबन म्हणायचा, "आबा, यंदा माळ सपाट करू, वर पाइप नेऊ, ऊस घालू." आणि दरवर्षी मामांच्या ज्ञानात नवी भर पडायची. पहिल्या वर्षी खाली नुसता कातळ निघाला. बबन पहार घेऊन उठला, तर मामा स्वतः पुढं होऊन त्याला माळावर घेऊन गेले, "हितं मार," म्हणून जागा दाखवली, आणि पहार खणकन वाजून बबनचे हात खांद्यापर्यंत झिणझिणले. अख्ख्या माळावर कातळ तेवढ्या एका ठिकाणी होता. पुढच्या साली बबननं परस्पर ट्रॅक्टर सांगितला. मामा ट्रॅक्टरपुढं वाट दाखवत चालले, आणि असे चालले की नांगराच्या तिसऱ्याच फेरीला त्याच कातळावर फाळ मोडला. ट्रॅक्टरवाला शिव्या देत गेला आणि त्यानं ती बातमी फुकटात गावभर केली. मग दत्तानं डोकं चालवलं. त्यानं दौंडकडचा एक नावाजलेला पाणाड्या आणला, म्हणजे तळहातावर नारळ धरून जमिनीतलं पाणी दाखवणारा माणूस. पाणी असलं की नारळ उभा राहतो. मामांनी त्याचं स्वागत केलं, आधी जेवायचा आग्रह केला, आणि स्वतः पुढं बसून त्याला मटण वाढलं. वाढत राहिले. "एवढं संपवा, मग बघू पान्याचं," असं म्हणत त्यांनी पातेलं खरडलं. भर उन्हात पाणाड्या माळावर निघाला तेव्हा त्याचा नारळ काही उभा राहिना, आणि बाभळीखाली पाणाड्या स्वतःच आडवा झाला. उठल्यावर म्हणाला, "हितं काय दम न्हाई, पन मटान झ्याक झालं व्हतं." मामींनी रस्सा करताना हात सोडून तिखट आणि तेल घातलं होतं, पण त्या दिवशी त्यांच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

पुण्याच्या कुठल्याशा कॉलेजचे दोन विद्यार्थी आले तेव्हा तर मामांची चांदीच झाली. हातात नकाशा, त्यावर रंग; कुठली जमीन आधी काय होती आणि आता काय झाली याचा अभ्यास. एका पोरानं नम्रपणे विचारलं, "आजोबा, इथं ज्वारी होती, नंतर भुईमूग. हा बदल पावसामुळं झाला का बाजारामुळं?" मामा म्हणाले, "मेव्हन्याच्या बायकूमुळं." पोरगं थांबलं, पण त्यानं लिहून घेतलं. "आणि हा ऊस?" "सून हसली." तेही लिहून घेतलं. दिवसभर मामांनी त्यांना बांधाबांधानं फिरवलं, आणि सांगितलं ते सगळं खरं होतं. माळाशी आल्यावर मात्र सूर बदलला. ही जमीन मुळातच पडीक, खाली कातळ, पाणी नाही, शास्त्रीय तपासणी झालेली आहे. पोरांनी माळाला नकाशात राखाडी रंग दिला. संध्याकाळी ओसरीवर मामा बबनला म्हणाले, "मी न्हाई म्हनत. पुन्याच्या शास्त्रज्ञांनी म्हनलंय. राखाडी दाखवलाय, राखाडी." ती तपासणी कुणी केली हे बबननं विचारलं नाही, आणि जेवायला थांबलेल्या शास्त्रज्ञांचं लक्ष पिठल्यात होतं.

त्या राखाडी माळावर वर्षातून दोनदा धाकटे मामा यायचे. कोकणात जाताना आणि परतताना. त्यांच्या वाटेवर हे गाव नव्हतं, पण ते वाकडी वाट करून यायचे. मेंढरं माळावर बसायची, बायका तीन दगडांची चूल मांडायच्या, घोडी बाभळीला बांधलेली असायची. थोरले मामा सकाळीच वर जायचे आणि दोघं भाऊ दिवसभर भांडायचे. लहान असताना रानात कुणी कुणाची भाकरी खाल्ली, याच्यावर. मी एकदा तिथं होतो. निघायच्या वेळी थोरले मामा मेंढरांच्या लेंड्यांनी काळ्या झालेल्या जमिनीवरून पाय ओढत चालत होते आणि गालातल्या गालात हसत होते. वर्षानुवर्षं मेंढरं बसून तो माळ कसा झाला होता, हे खताच्या दुकानदाराला कुणी सांगायला नको. धाकट्या मामांचं रान त्यांचीच मेंढरं तयार करत होती. त्यांना मात्र वाटायचं, भाऊ बिचारा रात काढायला जागा देतो, तेवढंच पुष्कळ.

मग एका वर्षी, पावसाच्या तोंडाला, धाकटे मामा आले ते नुसती मोकळी घोडी आणि बायको घेऊन. मेंढरं बाजारात विकून टाकली होती. गुडघे संपले होते, पोरगं रांजणगावला कंपनीत लागलं होतं आणि त्याला मेंढरांचा वास नको झाला होता. चहा झाल्यावर ते म्हणाले, "दादा, रस्त्याच्या कडंला, उसाच्या भाईर, एक खोपाट टाकू का? कायमचं न्हाई. पोराला खोली मिळंस्तवर." एवढं विचारताना त्यांची मान खाली होती. मामा उठले. गोठ्याकडं गेले आणि बराच वेळ म्हशीला उगाच धार नसताना गोंजारत राहिले. मामांना रडताना मी बघितलं ते तेवढंच.

संध्याकाळी ओसरीवर विचार घेतला. धाकटे मामा गावात गेले होते. मी मुक्कामालाच होतो, त्यामुळं पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. मामांनी विषय काढला तो असा: "त्येला रस्त्याकडंला खोपाट टाकू द्या. उसातली पट्टी थोडी मोडावी लागंल." बबन लगेच म्हणाला, "उसातली कशाला? वर माळ पडलाय की." मामांनी कपाळावर हात मारला. "आरं, सख्ख्या भावाला तसली जमीन दाखवू? लोक शेन घालतील तोंडात. तिथं कुत्रं बसत न्हाई." दत्ता म्हणाला, "मेंढरं बसत व्हती की, आबा." मामा म्हणाले, "मेंढरांचं येगळं." मग बबनला जोर चढला. माळ नापीक आहे, कातळ आहे, पाणी नाही, राखाडी आहे, हे मामांनीच शिकवलेलं सगळं तो मामांनाच समजावून सांगायला लागला. चुलत्याला खोपाट कशाला, अख्खा माळ द्या, आपलं जातंय काय, उलट गावात नाव होईल. मामा नको नको म्हणत होते. लाज वाटते म्हणत होते. "पुढं त्यो म्हनंल, थोरल्यानं धोंडे दिलं," असं म्हणून त्यांनी उपरणं तोंडाला लावलं. शेवटी मामी आतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पोरं येवढी म्हंत्यात तर द्या की. ठिवून काय लोनचं घालायचंय का त्या माळाचं?" मामांनी मोठ्या नाइलाजानं मान हलवली. आणि लगोलग म्हणाले, तोंडी नको, कागद करू. नायतर उद्या हाच बबन बदलंल. त्या आठवड्यात शिरूरला येऊन बबननं आणि दत्तानं स्वतः सह्या केल्या आणि माझ्या दुकानात सगळ्यांना पेढे दिले. धाकटे मामा मात्र अडून बसले होते. त्यांना मामांनी एकच सांगितलं: "घे. कुनी घेईना असलं रान हाय. तू बसलास तर निदान राखन तरी व्हईल." कुणाला नको असलेली वस्तू घ्यायला मानी माणसालाही कमीपणा वाटत नाही.

राहिलं पाणी. धाकट्या मामांनी जन्मात थोरल्या भावाचं एक ऐकलेलं नव्हतं, त्यामुळं ते काम सगळ्यात सोपं झालं. मामा माळावर जाऊन चार लोकांत म्हणाले, "विहीर-बिहीर घ्यायची झाली तर कुठंबी घे, पन त्या वारुळाच्या पलीकडं खनू नगंस. तिथं ठनठन गोपाळ हाय." पोराच्या कंपनीच्या पैशातून धाकट्या मामांनी क्रेन लावली ती वारुळाच्या पलीकडंच. पाणी असं लागलं की खालच्या माणसांना वर ओढायची धांदल उडाली. सगळं गाव बघायला लोटलं. बबन काठावर उभा राहून पाण्याकडं बघत होता. थोरले मामा गर्दीत होते. कुणीतरी म्हणालं, "मामा, हे कसं काय हो?" मामा म्हणाले, "चुकलं आपलं."

माणूस एवढंच बोलला, आणि त्या दिवसापासून त्यांची रया गेली. गावाला हसायला निमित्त मिळालं. इतकी वर्षं स्वतःच्या नाकाखालचं पाणी ज्याला दिसलं नाही, तो आपल्याला ढेकळं हुंगून अक्कल शिकवत होता म्हणे. माझ्या दुकानातली गिऱ्हाइकं पोत्यांकडं बघून हसायला लागली. "मामाला इचारावं आन् उलटं करावं," असं एक टवाळ पोरगं त्यांच्या तोंडावर म्हणालं. मामांचं येणं कमी झालं. आले तरी पोत्यांवर न बसता कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे, आणि गिऱ्हाइकाला गाव विचारायचे नाहीत. माझा धंदा वाढला आणि मला दुकानात बसवेनासं झालं. विहिरीची जागा विचारायला लोक आता धाकट्या मामांकडं जात. ते बिचारे म्हणायचे, "मला काय कळतंय? दादाला इचारा," आणि त्यावर आणखी हशा व्हायचा.

बबन हुशार. त्याच्या लक्षात यायला वर्ष गेलं, पण आलं. एकदा खत न्यायला आला आणि म्हणाला, "आबांनी आपल्याला बनवलं ना रे?" मी काट्याकडं बघत बसलो. त्यानं पोती मोजली. मग म्हणाला, "मला सरळ इचारलं असतं, तर मी न्हाईच म्हनलो असतो. खोटं कशाला सांगू." पोती गाडीत टाकून गेला, पण चुलत्याकडं त्यानं त्या जमिनीचा विषय पुन्हा काढला नाही. कांदा निघाला की उलट स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन वर जायचा.

एकदा त्या टवाळ पोरानं पुन्हा तोंड उचकटलं तेव्हा माझी सटकली. तो गेल्यावर मी म्हणालो, "मामा, आता मी सांगतो सगळ्यांना. माळ झाला त्यांच्या नावावर, कागद झालाय. कुणाच्या बापाला भ्यायचं?" मामा स्टुलावरून माझ्याकडं बघत राहिले. म्हणाले, "त्येला कळलं तर उद्या सकाळी घोडी घिऊन निघंल. तू वळखत न्हाईस त्याला. आरं, येडा भाऊ चालतो मान्साला. उपकार करनारा चालत न्हाई." आणि मग जरा वेळानं, खालच्या आवाजात, "पन त्या पोराचं रान कुठल्या अंगाला हाय रं? त्याच्या हिरीला पानी लागायचं न्हाई, मी सांगतो." मी म्हटलं, सांगा की त्याला. ते म्हणाले, "आता माजं कोन ऐकतंय."

मामा गेले त्यालाही आता वर्षं झाली. दहाव्याला नदीवर सगळं गाव होतं. आमच्याकडच्या रीतीप्रमाणं पुढाऱ्यांची भाषणं झाली, सगळ्यांनी मामांना कष्टाळू म्हटलं, दिलदार म्हटलं, आणि एकानंही जमिनीचा विषय काढला नाही. मग कुणीतरी धाकट्या मामांच्या हातात माइक दिला. त्यांनी आयुष्यात माइक धरला नव्हता. ते म्हणाले, "माजा दादा लई चांगला मानूस. फकस्त एक, त्याला जमिनीतलं काय कळायचं न्हाई. कळत असतं तर त्यो माळ त्यानं मला कशाला दिला असता? मंग मी कुठं गेलो असतो?" ते भावासाठी पोरासारखे रडले. लोकांत कुणीकुणी डोळे पुसत हसलंसुद्धा. मला राहवेना, मी उठायच्या बेतात होतो. बायकांत बसलेल्या मामींनी लांबूनच माझ्याकडं बघून मान हलवली. मी खाली बसलो.

आता धाकटे मामाही राहिले नाहीत, मामीही नाहीत. माळावर धाकट्या मामांची नातवंडं कांदा घेतात आणि तो तालुक्यात नावाजला जातो. आता सांगायला कुणाची हरकत नाही, म्हणून सांगतो. मामांना जमिनीतलं कळत होतं. शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. बारामतीचं मला माहीत नाही.